आकडा आम्हालाही दाखवा!

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज आणि वीजबिल सोडून आम्ही आज घरच्या फ्रिजवर बोलणार आहोत, हे ऐकून मागे बसलेली मंडळी हसली. हसू द्या. आधी एक करा. ज्यांच्या घरी फ्रिज आहे त्यांनी हात वर करा. बघा, अर्ध्याच्या वर मांडव झाला. आता त्यातल्या ज्यांनी फ्रिजच्या मागचे झाकण कधी उघडून पाहिले, त्यांनीच हात वर ठेवा. दोन हात राहिले. विहिरीवरच्या मोटारीची पेटी रात्री बारा वाजता बॅटरीच्या उजेडात उघडणारे आपण, घरातल्या पांढऱ्या पेटीला मात्र भितो. असे का, एवढेच आज विचारायचे आहे.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचे गाव हिंगणघाट तालुक्यातले. जमीन कोरडवाहू. पऱ्हाटी, तूर आणि घरापुरती ज्वारी. आईला साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन टोचावे लागते. फ्रिज घेतला तो त्या औषधासाठी. एका वर्षी कापसाचे पैसे हाती आले त्यातून बारा हजार काढले.

तीन वर्षे तो बरा चालला. मग एका नवतप्यात, वर्ध्याकडचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, पहाटे वहिनीने दार उघडले तर आतला दिवा लागला, पण दूध नासलेले आणि बर्फाचे पाणी झालेले. मागून 'घुंऽऽ' असा आवाज येई, पाच-सात सेकंदांनी 'टक्' होई, मग शांत. चार-पाच मिनिटांनी पुन्हा घुंऽऽ आणि पुन्हा टक्.

आधी औषध सांभाळले. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. दवाखान्यात विचारून वहिनीने कुप्या कोरड्या डबीत घातल्या, डबी छोट्या मडक्यात, आणि ते मडके ओल्या वाळूच्या मोठ्या माठात, सावलीत. माठात फ्रिजएवढी थंडी येत नाही, पण आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी, पाणी झपाट्याने उडते आणि माठ चांगला गार राहतो. चार दिवस निभावले.

मग मेकॅनिक बोलावला. त्याने काँप्रेसरवर हात ठेवला, एकदा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "काँप्रेसर गेला. नवा टाकावा लागंल. साडेपाच हजार." भावांनो, मे महिन्याच्या शेवटी कास्तकाराच्या घरात साडेपाच हजार म्हणजे काय, हे या मांडवात समजावून सांगायला नको. ते बियाण्याचे आणि खताचे पैसे. फ्रिज करावा तर पेरणी अडते, पेरणी करावी तर आईचे औषध अडते.

त्या वेळी वहिनीने एकच प्रश्न विचारला, "भाऊ, गेला हे कशावरून?" तो म्हणाला, "आवाजावरूनच समजते, ताई." त्याच्या पिशवीत मीटर होते. ते त्याने बाहेर काढले नाही.

आता तुम्ही कापूस घेऊन केंद्रावर जाता तेव्हा काय होते ते आठवा. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळात ग्रेडरने गाडीतल्या कापसात हात घालायचा, बोंड चोळायचे आणि ग्रेड सांगायची. आपण मुकाट्याने ऐकायचे. पुढे ओलावा मोजायचे मीटर आले. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा आधार, आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेत नाहीत. मीटर आले तसे आपणही शिकलो. आता आपण म्हणतो, "साहेब, हाताने सांगू नका, मीटर लावा आणि आकडा आम्हालाही दाखवा." जे केंद्रावर म्हणतो ते घरात म्हणायला आम्ही विसरलो होतो. वहिनी विसरली नाही.

आम्ही त्या मेकॅनिकला जाण्यायेण्याचे पैसे देऊन हात जोडले आणि बाजारातून एक साधे मल्टिमीटर आणले. गावात मोटार रिवाइंडिंग करणारा एक पोरगा आहे, त्याला संध्याकाळी बोलावले. त्याने जे समजावले ते आता तुम्हाला सांगतो.

फ्रिजच्या मागे खाली काळे मडके दिसते ना, तो काँप्रेसर. त्याच्या पोटात एक मोटार आहे, तुमच्या सिंगल फेज पंपासारखीच. तिला दोन वायंडिंगे. एक सतत चालणारे, दुसरे फक्त सुरू होताना धक्का देणारे. भरलेली बंडी चिखलातून हलवायची तर दोन माणसे मागून रेटतात, चाक फिरले की बाजूला होतात. धक्का देणाऱ्या वायंडिंगला सुरुवातीला वीज द्यायची आणि मोटार फिरली की तोडायची, हे काम करतो तो रिले. जुन्या फ्रिजमध्ये तो तारेच्या गुंडाळीचा असे. हल्ली बहुतेकांत त्याच्या आत चिनी मातीसारखी नाण्याएवढी टिकली असते. ती गार असते तेव्हा वीज जाऊ देते, आणि वीज गेली की क्षणात तापून वाट जवळजवळ बंद करते. रिलेच्या शेजारी दुसरा छोटा भाग असतो, ओव्हरलोड. मोटार अडली आणि जास्त वीज ओढू लागली की तो तापून 'टक्' करतो आणि वीज तोडतो, गार झाला की पुन्हा जोडतो.

आता आमच्या फ्रिजचा आवाज पुन्हा ऐका. घुंऽऽ म्हणजे मोटारीला वीज पोहोचते आहे, पण ती फिरत नाही. टक् म्हणजे ओव्हरलोडने तिला जळण्यापासून वाचवले. पंप नुसता घुमला आणि फिरला नाही तर तुम्ही पहिल्यांदा काय पाहता? कंडेन्सर. लगेच मोटार भंगारात टाकता काय? मग फ्रिजच्या बाबतीत थेट काँप्रेसरवर उडी का?

तीन आवाज लक्षात ठेवा. घुमतो आणि टक् करून थांबतो, तर रिले, ओव्हरलोड आणि विजेचा दाब पाहा. दिवा लागतो पण घुमतही नाही, तर थर्मोस्टॅट किंवा वायर पाहा. ओव्हरलोड कायमचा तुटला असला तरीही असेच होते. चालतो पण गार करत नाही, तर गॅसचा दोष असण्याचा संभव मोठा. ते काम आपले नाही, तिथे जाणकार कारागीरच हवा.

आता काम कसे केले ते क्रमाने ऐका. घाई करू नका.

पहिले, पिन भिंतीतून बाहेर काढली. नुसते बटण बंद करून भागत नाही. आपल्या घरांत कितीदा बटण न्यूट्रलवर बसवलेले असते आणि बटण बंद असूनही आत फेज जिवंत राहतो. पिन काढून ती सगळ्यांना दिसेल अशी फ्रिजच्या वर ठेवली. काँप्रेसर तापलेला होता, म्हणून अर्धा तास थांबलो.

दुसरे, मागचे पत्र्याचे झाकण आणि काँप्रेसरच्या कुशीतले छोटे झाकण काढले. कोणती वायर कुठे, याचे वहिनीने कागदावर चित्र काढले आणि मोबाइलवर फोटोही घेतला. काही फ्रिजला कंडेन्सरही असतो. पिन काढली तरी त्यात वीज साठून राहते. त्याच्या दोन टोकांना जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब जोडून ती उतरवायची, मगच हात लावायचा.

तिसरे, रिले आणि ओव्हरलोड सरळ ओढून काढले. पिळायचे नाही, हिसका द्यायचा नाही. काँप्रेसरच्या तीन पिना काचेच्या सीलमध्ये बसवलेल्या असतात. काच तडकली की गॅस गेला, आणि मग साडेपाच हजार खरेच लागतात.

चौथे, रिले कानाशी हलवून पाहिला. आत खुळखुळत होता, तुरीच्या वाळल्या शेंगेसारखा. टिकलीचे तुकडे झाले होते आणि जळका वास येत होता. मीटर ओहमवर ठेवून लावले तर आकडा येईना, वाट तुटलेली. चांगली टिकली गार असताना साधारण १० ते ५० ओहमच्या दरम्यान दाखवते. ओव्हरलोडला मीटर लावले तर जवळपास शून्य, म्हणजे तो ठीक होता.

पाचवे, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचे. काँप्रेसरच्या तीन पिना दोन-दोन करून मोजल्या. आमचे आकडे आले १५, २५ आणि ४०. लहान दोन आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याएवढी आली की दोन्ही वायंडिंगे शाबूत. तुमच्या फ्रिजचे आकडे वेगळे येतील, बेरीज मात्र जुळली पाहिजे. मग मीटर मोठ्या ओहमवर ठेवून एक टोक पिनेला, दुसरे रंग खरवडलेल्या लोखंडी अंगाला, असे तिन्ही पिनांचे पाहिले. तिथे आकडा येताच कामा नये. आला तर वायंडिंग अंगाला लागले. तो फ्रिज पुन्हा जोडायचाच नाही, माणूस चिकटेल. आमच्याकडे आकडा आला नाही.

म्हणजे काँप्रेसर जिवंत होता. मेला होता तो रिले.

जुना रिले आणि काँप्रेसरवरचा नंबर लिहिलेला कागद घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. त्याच नंबरचा रिले एकशे ऐंशी रुपयांना मिळाला. बसवला, चित्राप्रमाणे वायरी जोडल्या, दोन्ही झाकणे, सगळे स्क्रू जागच्या जागी लावले आणि मगच पिन लावली. घुंऽऽ झाले आणि फ्रिज चालू झाला. टक् झाले नाही. रात्रीपर्यंत बर्फ धरला. आईच्या कुप्या माठातून परत आत गेल्या.

टाळ्या वाजवू नका, गोष्ट संपलेली नाही. आषाढात तोच रिले पुन्हा गेला. पुन्हा तोच आवाज. मग आमच्या लक्षात आले की आम्ही भाग बदलला होता, कारण तसेच राहिले होते. त्या पोराने मीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये दाब मोजला. सकाळी २२५, आणि सायंकाळी सात वाजता १७०. आम्ही भिंतीवर वही टांगली आणि आठ दिवस दिवसातून तीन वेळा आकडा लिहिला. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ५४ व्या नियमाने कमी दाबाच्या जोडणीला ६ टक्क्यांपर्यंतच वरखाली मान्य केली होती. २३० वर हिशेब केला तर २१६ ते २४४. आमची संध्याकाळ त्यात बसत नव्हती. दाब कमी पडला की मोटारीला उठायला जोर राहत नाही, ती अडून जास्त वीज ओढते आणि रिले पुन्हापुन्हा तापत राहतो.

दोष दोन निघाले. एक आमचा. फ्रिज, कूलर आणि मिक्सर आम्ही एकाच बारीक वायरच्या लांब बोर्डावर चालवत होतो. ती वायर हाताला गरम लागायची. दुसरा खांबावरचा. वही घेऊन अर्ज दिला, लाइनमन आला, त्याने खांबावरचा सांधा उघडला तर तो काळा पडलेला. त्याने तो साफ करून घट्ट केला. फ्रिजला आम्ही भिंतीतून वेगळी जाड वायर दिली आणि वीज आल्यावर काही मिनिटे थांबून सुरू करणारा स्टॅबिलायझर लावला. ती थांबण्याची वेळ फार महत्त्वाची. वीज गेली आणि लगेच आली तर आत गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो आणि रिलेची टिकलीही तापलेली असते. मोटार उठूच शकत नाही. स्टॅबिलायझर नसेल तर वीज गेल्याबरोबर बटण बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. याला पैसा लागत नाही. त्यानंतर आमचा रिले आजवर गेलेला नाही.

काय करायचे नाही तेही ऐकून घ्या, कारण जीव फ्रिजपेक्षा महाग आहे. ओव्हरलोड काढून सरळ वायर जोडायची नाही. फ्यूजच्या जागी जाड तार घातल्यासारखे ते आहे. आपल्याकडे ती सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. पिनांना तार लावून काँप्रेसर चालू करायचा नाही. गॅसच्या नळीला हात लावायचा नाही. फ्रिजच्या लेबलावर आर-६००ए लिहिले असेल तर आतला गॅस पेट घेणारा आहे. खोली मोकळी ठेवा, बिडी-चूल दूर ठेवा, भाग त्याच नंबरचा घ्या. इन्व्हर्टर फ्रिज असेल तर त्याची मोटार वेगळी, तिला असा रिले नसतो, सर्किटचे कार्ड असते. त्याला ही रीत लागू नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीला कळवा. आणि अर्थिंग पाहा. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. पंपाच्या खड्ड्यात पाणी टाकता तसे घरच्या खड्ड्यातही टाकत जा.

सगळेच मेकॅनिक लुबाडतात असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच गल्लीत एका घरचा फ्रिज असाच बंद पडला. त्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही मीटर लावले तर पिनेचा आकडा अंगाला येत होता. काँप्रेसर खरेच गेला होता, आणि तिथल्या मेकॅनिकने तेच सांगितले होते. आम्ही म्हणालो, "तो बरोबर बोलतो, त्याच्याकडूनच काम करून घ्या." मीटर कारागिराच्या विरुद्ध नसते. खरे सांगणाऱ्या कारागिराची बाजू मीटरच घेते.

हा प्रश्न नुसत्या फ्रिजचा नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. ट्रॅक्टर येतात, फवारणीची यंत्रे येतात, त्यांत कार्डे येतात. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना आपल्या ट्रॅक्टरचा बिघाड स्वतः शोधता यावा म्हणून वर्षानुवर्षे भांडावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या अमेरिकन फार्म ब्युरोचा जॉन डिअर कंपनीशी त्यावर करार झाला, आणि कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत आणि फ्रिजसारख्या घरगुती वस्तूही आहेत. २४ डिसेंबर २०२२ ला त्याचे पोर्टलही सुरू झाले. हक्क कागदावर आला तरी झाकण उघडायला हात लागतोच.

आणि वर्ध्याच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटायचे कारण नाही. १९२९ साली गांधीजींच्या पुढाकाराने चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी पाहा. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. नीट सांभाळला तर वीस वर्षे टिकला पाहिजे. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. यंत्र किती सूत काढते याबरोबरच ते गरिबाच्या घरात दुरुस्त होते का, हेही विचारले होते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींनी केले. तिथे चरखे ठेवले आहेत, पोरांना नेऊन दाखवा. तोच ५ टक्क्यांचा हिशेब आमच्या फ्रिजला लावा. बारा हजारांचे ५ टक्के म्हणजे सहाशे. एकशे ऐंशीचा रिले त्यात बसतो. साडेपाच हजार बसत नाहीत.

आता कामाचे बोलू. प्रत्येक गावाने एक मल्टिमीटर वर्गणीतून घ्यावे आणि ते कुणा एकाच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नये. गावातल्या दोन बायका आणि दोन पोरे ते वापरायला शिकू देत. बायका मुद्दाम म्हणतो, कारण फ्रिजचा आवाज बदलला हे पहिल्यांदा त्यांनाच कळते, आणि आमच्या घरी प्रश्नही बाईनेच विचारला. सॉकेटचा दाब मोजताना मीटर एसी व्होल्टवर आहे आणि लाल वायर व्होल्टच्या छिद्रातच आहे, हे दोघांनी पाहायचे, मगच टोक आत घालायचे. शिकताना पहिल्यांदा कुणी जाणता सोबत हवाच.

पुढच्या बैठकीला येताना गावातले जळके रिले, तुटके ओव्हरलोड पिशवीत घालून आणा. चांगले कोणते आणि मेलेले कोणते, ते इथेच सगळ्यांसमोर मीटर लावून पाहू. दाबाची वहीही आणा. चार-पाच गावांच्या वह्या एका जागी आल्या म्हणजे अर्ज कुठे आणि कशाचा द्यायचा, ते ठरवता येईल.

तुमचा फार वेळ घेतला. आई आज घरी बरी आहे आणि फ्रिज चालू आहे.